एकाच घरात, एकाच तारखेला: पसरलेल्या कॅन्सरसोबत जगणाऱ्या जोडप्यांसाठी सजगता

रात्रीचे तीन वाजलेत. ती जागी आहे. डाव्या कुशीवर दुखतं म्हणून उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तोही जागाच आहे, पण श्वास मुद्दाम लांब घेतोय, गाढ झोपल्यासारखा. तिला ते कळतं. पंचवीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचा झोपेतला खरा श्वास तिच्या कानाला पाठ आहे. शेवटी तीच म्हणते, "अहो, जागे आहात ना?"

"हं. पाणी देऊ?"

"नको."

आणि दोघं पुन्हा गप्प.

ही जोडी मी कल्पनेतली घेतली आहे, पण ज्यांच्या घरात पसरलेला कॅन्सर आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. त्या गप्प राहण्यात काय काय असतं? ती गेल्या वर्षात आहे: तेव्हाच तपासून घेतलं असतं तर. तो पुढच्या महिन्यात आहे: स्कॅनमध्ये काय येईल, औषध बदलावं लागलं तर, आणि त्यानंतर, आणि त्याच्याही नंतर. पलंग एक, पांघरूण एक, पण दोघं दोन वेगळ्या तारखांना राहतायत. सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, जोडप्यांना होणारा उपयोग मला एका वाक्यात सांगायला लावला तर मी म्हणेन, दिवसातून काही मिनिटं तरी दोघांना एकाच तारखेला आणणं.

आधी ही लपवाछपवी समजून घेऊ. मानसशास्त्रात तिला 'प्रोटेक्टिव्ह बफरिंग' म्हणतात. आपण तिला मायेचा आडपडदा म्हणू. १९९१ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या बाबतीत ती टिपली. समोरच्याला त्रास नको म्हणून आपली भीती गिळायची, वादाचा विषय निघाला की बगल द्यायची, चेहरा हसरा ठेवायचा. पुढे कॅन्सरच्या जोडप्यांमध्येही हेच दिसत आलं. हेतू प्रेमाचाच असतो, पण जो पडदा धरून उभा असतो त्याचे हात भरून येतात. आणि ज्याच्यासाठी धरलाय त्याला पडदा दिसत असतोच.

'पसरलेला' किंवा 'चौथ्या स्टेजचा' कॅन्सर म्हणजे मूळ जागेवरून शरीरात दूर दुसरीकडे पोहोचलेला. बहुतेक वेळा तो पूर्ण बरा करण्यापेक्षा आटोक्यात ठेवणं आणि त्रास कमी करणं हे उपचारांचं ध्येय असतं. याचा अर्थ उद्याच शेवट असा नव्हे. काही प्रकारांत माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण अनिश्चितता मात्र कायमची मुक्कामाला येते. तीन महिन्यांनी स्कॅन, मग सुटकेचा निःश्वास किंवा धक्का, मग पुन्हा तीन महिने. आयुष्याला रिपोर्टांचं कॅलेंडर लागतं.

आता सजगता, म्हणजे इंग्रजीतून आलेलं माइंडफुलनेस. मूळ पाली शब्द 'सति', संस्कृतात 'स्मृति'. मराठीत 'सजगता' रुळलाय खरा, पण मला त्यापेक्षा आपला रोजचा 'भान' जवळचा वाटतो. 'भानावर ये' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय सांगत असतो? तू आत्ता इथे नाहीयेस, इथे ये. एवढंच. आत्ता जे चाललंय त्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि त्यावर लगेच 'चांगलं', 'वाईट' असा शिक्का मारायचा नाही.

१९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्यासाठी एक दवाखाना सुरू केला. त्यातून आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम उभा राहिला: आठवड्यातून एकदा साधारण अडीच तास एकत्र, मध्ये एक दिवस मौनाचा, आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव. तिथे पाठवलेल्यांत अनेक जण असे होते की ज्यांचं दुखणं जुनं होतं आणि औषधांनी पुरतं जात नव्हतं. मला हे महत्त्वाचं वाटतं. सुरुवातच मुळी 'दुखणं घालवतो' या आश्वासनाने झाली नव्हती. प्रश्न होता तो, दुखणं राहणारच असेल तर त्याच्यासोबत दिवस कसा काढायचा.

इथे एक गैरसमज आडवा येतो, त्याचं मला जरा जास्तच वावडं आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातून आत येताना म्हणतो, "पॉझिटिव्ह राहा हं." बोलणाऱ्याला ते सोपं असतं, ऐकणाऱ्याला ते काम होऊन बसतं. आजारी माणसाने उलट्या सोसायच्या, वर हसूही सांभाळायचं. मन खंबीर ठेवलं म्हणून गाठ विरघळते याला पुरावा नाही, त्यामुळे आजार वाढला तर रुग्ण मनाने कमी पडला असं समजायचं काही कारण नाही. सजगता तुमच्याकडे आनंदी राहण्याची मागणी करत नाही. राग आलाय तर 'राग आलाय', भीती वाटतेय तर 'भीती वाटतेय, छातीत घट्ट झालंय' एवढं ओळखायला ती शिकवते. मन कोरं करायचीही गरज नाही. विचार येणारच. आपण वाहत गेलो हे लक्षात आलं की परत यायचं. हजारदा गेलो तर हजारदा परत यायचं, हाच सराव.

काळजी घेणं आणि काळजी करणं

मराठीत एक गंमत आहे. 'काळजी घेणं' आणि 'काळजी करणं' यांत शब्द एकच, क्रिया दोन. औषध वेळेवर देणं, उशी नीट करणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं ही काळजी घेणं. रात्री तीन वाजता पुढच्या महिन्याचा स्कॅन मनातल्या मनात वीस वेळा वाचणं ही काळजी करणं. जोडीदाराच्या डोक्यात या दोन्हींचा इतका गुंता होतो की काळजी करणं थांबवलं तर आपलं प्रेमच कमी पडेल असं त्याला वाटायला लागतं. म्हणून तो विश्रांती घेत नाही, बाहेर चक्कर मारत नाही, हसू आलं तरी दाबतो. आणि काळजी करण्यात इतका खर्च होतो की काळजी घ्यायला उरत नाही. ती काहीतरी सांगत असते आणि तो तिच्या बोलण्यात लक्षणं शोधत असतो.

सजगतेच्या सरावाने हळूहळू हे दोन धागे वेगळे दिसू लागतात. 'आत्ता करण्यासारखं काही आहे का?' असेल तर ती काळजी घेणं, करून टाकायचं. नसेल तर ही नुसती काळजी आहे, हे ओळखून पाय जमिनीवर टेकलेत का ते बघायचं. काळजी संपत नाही, पण तिच्या नावाची पाटी लागते.

शरीरात काय होतं

भीती ही शरीरात घडणारी गोष्ट आहे. धोका जाणवला की नाडी वाढते, स्नायू आवळतात, श्वास वरवरचा होतो. धोका समोरून धावत येणारा असेल तर या तयारीचा उपयोग आहे. तो स्कॅनच्या पाकिटात असेल तर पळायचं कुठे? तयारी मात्र तशीच चालू राहते, दिवसेंदिवस. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना किंचित वाढते. म्हणून सोडण्याचा श्वास थोडा लांबवला की शरीराला शांत होण्याचा इशारा मिळतो. यात गूढ असं काही नाही.

जोडप्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. २००६ मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून सांगितलं की विजेचा हलका झटका बसू शकतो. कधी हातात कुणाचा हात नव्हता, कधी अनोळखी माणसाचा होता, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती, आणि नातं जितकं चांगलं तितकी ती आणखी कमी. अभ्यास छोटा होता आणि त्या स्त्रिया निरोगी होत्या, हे लक्षात ठेवू. तरी पलंगाशेजारी बसून 'मी काहीच करू शकत नाही' म्हणणाऱ्या माणसाला हे सांगायला हवं. हात धरणं हे 'काहीच न करणं' नव्हे.

मग करायचं काय, ते एका सरावातून दाखवतो. दोघांनी जमेल तसं बसायचं, किंवा एकाने पडून, दुसऱ्याने शेजारी बसून. हात हातात. फोन दुसऱ्या खोलीत. डोळे मिटायचे नसतील तर उघडे ठेवा. आता नुसता हात कळू द्यायचा. गरम आहे की गार? सुईच्या जागेवर पट्टी असेल तर तिची कड लागते का? कुणाची पकड घट्ट आहे? जास्त करून आजारी नसलेल्याचीच असते. त्याने ती थोडी सैल करायची. मन रिपोर्टांकडे गेलं की परत हाताकडे. दोन मिनिटं झाली की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, आत्ताचं. "मला थकवा आहे." "मला भीती वाटतेय." "तुझा हात गार लागला." ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. धीर द्यायचा नाही, उपाय सुचवायचा नाही, "असं बोलू नकोस" तर अजिबात नाही. ऐकलं, एवढंच.

वाचायला सोपं वाटतं, पण 'उत्तर द्यायचं नाही' तिथे माणसं अडतात. आपल्या माणसाच्या तोंडून "मला मरायची भीती वाटते" हे ऐकून गप्प बसणं म्हणजे तापलेलं भांडं हातात धरून उभं राहण्यासारखं. 'असं काही होणार नाही' हे वाक्य आपण त्याच्यासाठी कमी आणि आपल्या हाताला चटका बसतोय म्हणून जास्त म्हणतो. सरावाने चटका कमी होत नाही, धरून ठेवण्याची ताकद मात्र थोडी वाढते. आणि ज्याने ते वाक्य उच्चारलं त्याला पहिल्यांदाच वाटतं की हे घरात बोलता येतं.

तपासणीआधीच्या दिवसांना हा सराव तितकासा पुरत नाही. त्या दिवसांत भांडणंही होतात, तीही भलत्याच कारणावरून: फाइल कुठे ठेवलीस, इतका उशीर का. अशा वेळी ध्यानबिन कुणाला सुचत नाही. तेव्हा एकाने "ही स्कॅनची भांडणं आहेत" एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

आजारी शरीराला जमेल असंच

तयार अभ्यासक्रम धडधाकट माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते जसेच्या तसे लावले तर उपयोगापेक्षा त्रासच व्हायचा. पाऊण तास बसणं बहुतेकांना शक्य नसतं. कॅन्सरचा थकवा झोप काढून जाणारा नसतो. पाच मिनिटं पडून केलेला सराव हाही सरावच. मध्येच झोप लागली तर लागू द्या. गुंगी आणणारी वेदनाशामकं चालू असतील तर ती लागणारच. उलट स्टेरॉइडं चालू असली की रात्री टक्क जाग असते. तेव्हा 'शांत व्हा' म्हणून शरीराशी कुस्ती खेळू नये, आणि गोळीची वेळ सकाळकडे सरकवता येईल का हे डॉक्टरांना विचारावं.

'श्वासाकडे लक्ष द्या' हे वाक्य सगळीकडे असतं. फुप्फुसात आजार आहे, दोन पावलांत धाप लागते, अशा माणसाला श्वासाकडे बघायला लावलं तर घाबराच वाढू शकतो. त्याने लक्ष दुसरीकडे टेकवावं: पंख्याचा आवाज, पाठीखालची उशी, जोडीदाराचा तळहात. धाप लागली असताना चेहऱ्यावर छोट्या हातपंख्याचा वारा घेतल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. लक्ष टेकवायला ती गार झुळूकही चांगली. काही केमो औषधांनी हातापायांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा किंवा जळजळ होते. अशांना 'तळपायांकडे लक्ष द्या' सांगणं म्हणजे जिथे दुखतं तिथेच बोट ठेवणं. आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याचा सराव, तो तर जपूनच. स्तन काढलाय, पोटावर शौचाची पिशवी आहे, अशा शरीराकडे बघणं काहींना मायेचं वाटतं, काहींना असह्य. जिथे नको वाटतं ती जागा सोडून पुढे जायची मुभा पहिल्याच वाक्यात द्यावी.

शरीरावरून आठवलं. जवळिकीचा विषय अशा घरांत कुणी काढत नाही, डॉक्टरही क्वचितच काढतात. त्याला वाटतं आपला हात लागला तर तिला दुखेल. तिला वाटतं आता त्याला आपला स्पर्श नको झाला असेल. दोघंही चुकीचा अंदाज बांधून पलंगाच्या दोन कडांना. 'कुठे हात ठेवलेला चालेल?' हा प्रश्न विचारून, तिने सांगितलेल्या जागी दोन मिनिटं हात ठेवणं, त्यापुढे काहीही अपेक्षित न धरता, हाही सजगतेचाच सराव आहे.

अभ्यास काय म्हणतात

इथे फुगवून सांगण्याचा मोह होतो, म्हणून आकडे सांगतो. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत ९० कॅन्सर रुग्णांवर सात आठवड्यांच्या सजगतेच्या कार्यक्रमाची चाचणी झाली. भाग घेतलेल्यांची मनःस्थिती आणि ताण, दोन्हींत, कार्यक्रमासाठी अजून प्रतीक्षायादीत थांबलेल्यांपेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पूरक उपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, कॅन्सर असलेल्या प्रौढांच्या चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांसाठी सजगतेवर आधारित कार्यक्रमांची शिफारस आहे.

जोडप्यांचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे ६३ रुग्ण आणि ४४ जोडीदार यांच्यावर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचा मानसिक त्रास कमी झाला, जोडीदारांमध्ये मात्र फरक आढळला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. बरेच जोडीदार 'तिच्यासाठी' म्हणून येतात, आणि डोळे मिटूनही कान तिच्या खोकल्याकडे लावून बसतात. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. दोघांना एकाच वेळी, एकमेकांकडे लक्ष देत ध्यान करायला शिकवायचं. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ७५ जोडप्यांची प्राथमिक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तासाभराच्या फक्त चार बैठका, त्याही व्हिडिओ कॉलवर. ध्यान करणाऱ्या रुग्णांमधली उदासीची लक्षणं नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी होती. चाचणी लहान आहे, शेवटचा शब्द नाही. पण आठ आठवडे आणि पाऊण पाऊण तास ज्यांना परवडत नाहीत त्यांना चार तासांतही काही हाती लागू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

सजगता ही पॅलिएटिव्ह केअरच्या जागी वापरायची गोष्ट नव्हे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना, धाप, मळमळ, मनाचा त्रास यांवर लक्ष देणारी शाखा. बरेच जण तिला 'आता काही उरलं नाही' ची पाटी समजतात. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांना ही सेवा निदान झाल्यापासूनच मिळाली त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं आणि ते सरासरीने जास्त जगले: ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. तेव्हा दुखत असेल तर आधी औषधाचा डोस तपासून घ्या, ध्यान नंतर. वेदना असताना 'तिच्याकडे साक्षीभावाने बघ' म्हणणं हा क्रूरपणा आहे.

दोघांपैकी कुणालाही जगणं नकोसं वाटत असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, किंवा सराव करताना जुने भयंकर प्रसंग अंगावर येत असतील, तर सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. रुग्ण अचानक असंबद्ध बोलायला लागला, वेळकाळ विसरला, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. त्यामागे संसर्ग, औषध किंवा मेंदूपर्यंत गेलेला आजार असू शकतो. आणि एकाला हे सगळं थोतांड वाटत असेल तर? वाटू द्या. दुसऱ्याने एकट्याने करावं. जोडीदाराला ध्यानाला बसवायचा हट्ट हा आणखी एक भांडणाचा विषय तेवढा होतो.

पुढे एक वेळ अशी येऊ शकते की आजारी माणूस बोलत नाही, डोळे उघडत नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूने आवाजांतला बदल टिपल्याचं दिसलं. त्यांना शब्द किती समजत होते ते त्यावरून सांगता येत नाही, पण बोलत राहायला तेवढं कारण पुरे. काही जोडपी तोवर सरावात एकमेकांच्या श्वासाशी श्वास जुळवायला शिकलेली असतात. आता मात्र तसं करू नये. शेवटच्या दिवसांत श्वास बदलतो, भराभर येतो, मंदावतो, मग लांबलचक थांबतो. त्याच्याशी आपला जुळवायला गेलं की त्या थांबण्याबरोबर बसलेल्याचा जीवही कंठाशी येतो. आपला श्वास आपल्या लयीत चालू ठेवायचा. पाय जमिनीवर. हात हातात, पकड सैल.